भुईमुगातील तणांचा बंदोबस्त : कोळपणी, भांगलण व तणनाशक यांची तुलना

सातारा व सांगली जिल्ह्यांत भुईमूग हे जुने व परिचयाचे गळिताचे पीक आहे. ‘कराड ४-११’ या पसऱ्या जातीच्या नावावरूनही या भागाचा भुईमुगाशी असलेला संबंध ध्यानी येतो. हे पीक प्रारंभी सावकाश वाढते. तणे मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून पेरणीपासून पहिले ४५ दिवस शेत स्वच्छ राखणे अगत्याचे असते.

भुईमुगाचे एक वैशिष्ट्य असे की, फुलोऱ्यानंतर त्याच्या आऱ्या जमिनीत शिरतात व तेथे शेंगा धरतात. त्यानंतर कोळपे चालविल्यास आऱ्या तुटतात व शेंगांची हानी होते. तणांचा बंदोबस्त त्यापूर्वीच पुरा झाला पाहिजे.

१. कोळपणी : दोन ओळींतील तण काढण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत कोळपणीने जमिनीवरील पापुद्रा फुटतो, भेगा बुजतात व ओल टिकते. हा लाभ तणनाशकाने मिळत नाही. परंतु ओळीतील तण कोळप्यास सापडत नाही, आणि वापसा नसल्यास कोळपे चालत नाही.

२. भांगलण : खुरप्याने ओळीतील तण निघते, हरळी व लव्हाळाही काही अंशी आटोक्यात येतो. मात्र ऐन हंगामात मजूर वेळेवर न मिळाल्यास भांगलण लांबते आणि तोवर नुकसान होऊन जाते.

३. तणनाशक : पाटणसारख्या अधिक पावसाच्या भागात, जेथे वापसाच मिळत नाही, तेथे हा उपाय विशेष उपयोगी पडतो. पेंडीमेथॅलिन ३० टक्के हे औषध पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओलसर जमिनीवर, एकरी सुमारे १.३ लिटर, २०० लिटर पाण्यातून फवारावे. १५ लिटरच्या पंपास हे प्रमाण १०० मिलिलिटर पडते. हे औषध उगवत्या तणास मारते. हरळी व लव्हाळा यांच्या जुन्या मुळ्यांवर त्याचा उपयोग होत नाही.

उगवणीनंतर वापरावयाच्या इमॅझेथापायरचा अंश जमिनीत रेंगाळतो व ज्वारी त्यास नाजूक असते. रब्बीत शाळू घ्यावयाचा असल्यास ते टाळणे इष्ट.

फवारणीची परीक्षा : गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम साध्या पाण्याने एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व तितकेच रुंद क्षेत्र फवारून दाखवावे. त्यास ५ लिटर पाणी लागले पाहिजे. अधिक लागल्यास चाल वाढवावी, कमी लागल्यास मंद करावी. फवारणाऱ्याने मागे सरकत जावे, म्हणजे फवारलेली जमीन तुडविली जात नाही. हातमोजे व तोंडावर फडके वापरावे.

सारांश : केवळ एका उपायावर विसंबू नये. मजूर व बैल वेळेवर मिळत असल्यास १५ ते २० दिवसांनी व पुन्हा ३० ते ३५ दिवसांनी कोळपणी व भांगलण पुरेशी होते. मजुरांची टंचाई असल्यास पेरणीनंतर पेंडीमेथॅलिन फवारून, आऱ्या सुटण्यापूर्वी एक कोळपणी व एक भांगलण करावी. आऱ्या जमिनीत शिरल्यावर मोठे तण हातानेच हलके उपटावे. कोळपे शेतात नेऊ नये.