३.४ क्रॉनस्टाटचा उठाव (१९२१)

‘अराज्यवाद’ म्हणजे अराजक नव्हे. राज्यसंस्थेची सक्ती नाकारून स्वेच्छेच्या सहकार्यावर समाज उभारावा, असे मानणारी ती विचारसरणी आहे. क्रांतीनंतर सत्ता मूठभरांच्या हाती एकवटली, तर नवा शासकवर्ग जन्माला येईल, असा इशारा बाकुनिनने मार्क्सशी झालेल्या वादात दिला होता. रशियात या इशाऱ्याची कसोटी लागली.

पार्श्वभूमी : यादवी युद्धामुळे रशियात अन्नटंचाई तीव्र झाली होती. सरकारी तुकड्या शेतकऱ्यांचे धान्य सक्तीने नेत. फेब्रुवारी १९२१ मध्ये पेट्रोग्राडच्या कारखान्यांत संप झाले. जवळच्या क्रॉनस्टाट नाविक तळावरील खलाशांनी २८ फेब्रुवारीला पंधरा मागण्यांचा ठराव केला. १९१७ च्या क्रांतीत क्रॉनस्टाटचे खलाशी आघाडीवर होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मागण्या : गुप्त मतदानाने सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका, कामगार, शेतकरी, अराज्यवादी व डाव्या समाजवादी पक्षांना भाषण-मुद्रण स्वातंत्र्य, समाजवादी राजबंद्यांची सुटका, समान शिधा.

दडपणूक : बर्फ वितळल्यास परकीय आरमार तळाला मदत करील, अशी सरकारला धास्ती होती. एमा गोल्डमन व अलेक्झांडर बर्कमन या अराज्यवाद्यांनी सुचविलेली मध्यस्थी फलद्रूप झाली नाही. ७ मार्चला तोफांचा मारा सुरू झाला. तुखाचेव्हस्कीच्या सैन्याने गोठलेल्या आखातावरून चाल करून १८ मार्चपर्यंत तळ जिंकला. सुमारे आठ हजार लोक फिनलंडला पळून गेले.

मूल्यमापन : या उठावास केवळ अराज्यवादी बंड म्हणणे अपुरे ठरते. खलाशांना सोव्हिएत व्यवस्था मोडायची नव्हती. ती एका पक्षाच्या ताब्यातून मुक्त करायची होती. लढाई चालू असतानाच पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने धान्यवसुली थांबवून वस्तुरूप कर स्वीकारला. त्याच अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवरही बंदी घातली. म्हणजे भाकरीची मागणी अंशतः मान्य झाली. मताची मागणी मात्र नाकारली गेली. क्रांतीच्या नावाने राज्य करणाऱ्यांना क्रांतीच्याच नावाने जाब विचारता येतो का, हा क्रॉनस्टाटने मागे ठेवलेला प्रश्न आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न : क्रॉनस्टाटच्या खलाशांच्या मागण्यांपैकी कोणत्या अराज्यवादाशी जुळतात व कोणत्या जुळत नाहीत, ते सकारण लिहा.