संशोधक विद्यार्थ्याची उमेदवारी : बीड जिल्ह्यातील कार्यालयांच्या दृष्टीने

आंतरवासिता हा शब्द बीड जिल्ह्याला नवा नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक डॉक्टर वर्षभर आंतरवासिता करतो. बी. एड. चे छात्राध्यापक गावोगावच्या शाळांत पाठ घेतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षातही प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला किंवा क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक देण्यात आले आहेत. या सर्व व्यवस्थेत एकच विद्यार्थी बाहेर राहिला आहे, तो म्हणजे पीएच. डी. करणारा. जो तीन ते सहा वर्षे एकाच प्रश्नाचा अभ्यास करतो, त्यालाच तो प्रश्न हाताळणाऱ्या कार्यालयात बसून काम करण्याची संधी बहुधा मिळत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच. डी. साठी किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत ठरविली. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. संशोधकाने आठवड्यातून चार ते सहा तास अध्यापनसाहाय्य करावे, अशीही तरतूद आहे. बाहेरच्या संस्थेत उमेदवारी करण्याची सक्ती मात्र नाही. सक्ती नसली तरी मनाईही नाही, हे विभागप्रमुखांनी लक्षात घेणे अगत्याचे आहे.

इतर देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. फ्रान्समध्ये १९८१ पासून चालू असलेल्या योजनेत संशोधक तीन वर्षे एखाद्या उद्योगसंस्थेचा पगारी कर्मचारी असतो व सरकार त्या संस्थेला अनुदान देते. ब्रिटनमध्ये जीवशास्त्राच्या अनेक संशोधकांना तीन महिने आपल्या प्रबंधाशी थेट संबंध नसलेल्या ठिकाणी काम करावे लागते. आपल्या देशात २०१२ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत विद्यावेतनाचा निम्मा भार उद्योगाने उचलावा, अशी कल्पना होती. परंतु या सर्व योजना कारखाने व कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. बीडमध्ये उमेदवारी देणारे कोण ? पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र, खामगाव व डिघोळअंबा येथील कृषी विज्ञान केंद्रे, अंबाजोगाईचे सीताफळ संशोधन केंद्र आणि गावची शाळा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या फळाची काढणी, प्रतवारी व विक्री यांचा हिशेब प्रयोगशाळेत कळत नाही. त्यासाठी हंगामात बागेत व बाजारात उभे राहावे लागते.

हंगाम कोणता, हाच बीडमध्ये कळीचा प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाऊ लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. विद्यापीठाचे वेळापत्रक याच्या नेमके उलट आहे. संशोधक परीक्षांतून मोकळा होऊन हिवाळ्यात प्रश्नावली घेऊन गावात येतो, तेव्हा त्याला घरात म्हातारी माणसे व काही मुले भेटतात. नवरा-बायकोची जोडी, जिला कारखान्याच्या भाषेत एक कोयता म्हणतात, ती शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात असते. अशा वेळी भरलेली प्रश्नावली चुकीची नसते, पण ती अर्ध्या गावाची असते. म्हणून या विषयावरील उमेदवारी सलग तीन महिन्यांची न ठेवता तिचे दोन भाग करावेत, असे आम्हास वाटते. पहिला भाग श्रावण-भाद्रपदात गावी असावा. मुकादमाकडून उचल घेण्याची बोलणी तेव्हा होतात आणि माणसे सापडतात. दुसरा भाग माघात, कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर असावा. पहिल्या भागात ज्या कुटुंबांशी ओळख झाली त्यांनाच दुसऱ्या भागात भेटता आले, तर उचल किती घेतली व फेडली किती, याचा हिशेब एकाच घराच्या तोंडून दोनदा ऐकता येतो.

मागे राहिलेल्या मुलांसाठी चालणारी हंगामी वसतिगृहे हेही उमेदवारीचे उत्तम ठिकाण आहे. त्यांची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर असते. मूल आई-वडिलांबरोबर गेलेच, तर दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्याला शिक्षण हमी पत्रक देण्यात येते. ते पत्रक तिकडच्या शाळेत खरोखर दाखविले जाते काय, हे बीडच्या कार्यालयात बसून कळणार नाही. शिक्षणशास्त्राच्या संशोधकाने ते मुलाबरोबर जाऊन पाहावे. अनेक शिक्षक नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच. डी. करतात. २०२२ च्या नियमावलीने त्यास मान्यता दिली असून नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक केले आहे. रोजची शाळा हीच आपली उमेदवारी, असे त्यांनी समजू नये. आपली शाळा माणसाला सवयीची झालेली असते व सवयीचे दिसेनासे होते.

आरोग्याच्या क्षेत्रात तर नोंदी कशा तयार होतात, हे आतून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८०७ होती. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. तेव्हा झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा आकडा सर्वत्र छापला गेला. परंतु शस्त्रक्रियेचे कारण स्त्रीने काय सांगितले व दवाखान्याच्या कागदावर काय लिहिले गेले, यांतील अंतर आकड्यात उतरत नाही. ते आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्याबरोबर महिनाभर हिंडणाऱ्यालाच समजू शकते. येथे एक पथ्य कसोशीने पाळावयास हवे. कोणत्याही स्त्रीचे नाव, गाव व आजार एकत्र लिहिलेला कागद कार्यालयाबाहेर जाता कामा नये. संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. नंतर घेतलेल्या मान्यतेला अर्थ नाही.

काम करता करता शिकण्याची परंपरा आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळविली. ती योजनाबद्ध उमेदवारी नव्हती, परिस्थितीने लादलेला खंड होता. आज तेच नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात बीड येते, आणि तेथील संशोधकाला असा खंड नियोजनपूर्वक व विद्यावेतन न गमावता घेता येणे शक्य आहे.

त्यासाठी कागद मात्र नीट हवा. अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याला आपल्या उपस्थितीची पुष्टी संशोधन केंद्राकडून मिळवावी लागते. उमेदवारीचा काळ हा संशोधनकार्याचाच भाग आहे, असे मार्गदर्शकाचे पत्र नसेल तर दोन महिन्यांचे पैसे अडकतात व गरीब घरचा विद्यार्थी काम सोडून परत जातो. पत्रात कामाची जागा, मुदत, रोजचे काम, कोणती दप्तरे पाहता येतील व कोणती नाहीत, आणि कार्यालयातील कोणता अधिकारी देखरेख करील, एवढे तरी लिहिलेले असावे. संशोधक आला म्हणून त्याला टपाल चढविण्याच्या किंवा संगणकावर याद्या भरण्याच्या कामाला जुंपू नये. एखादा आठवडा तेही करावे, कारण दप्तर कसे चालते ते त्यातून कळते. पण तीन महिने नव्हे.

ग्रामपंचायतीनेही आपल्या बाजूने काही मागावे. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, आलेले आहे. हाताखाली माणूस नसतो. दोन महिने राहणारा संशोधक हे काम मनापासून करू शकतो, आणि त्याला नमुन्यासाठी कुटुंबांची खात्रीची यादी आयती मिळते. उमेदवारी संपताना त्याने चार पानांचे मराठी टिपण ग्रामसभेत वाचून दाखवावे, ही अट पत्रातच घालावी. इंग्रजी प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात जातो. टिपण गावात वाचले गेले की त्यातील चूक जागच्या जागी कोणीतरी उठून सांगतो. मात्र ही ग्रामसभा टोळ्या परतल्यावरची, म्हणजे १ मे ची असावी. २६ जानेवारीच्या सभेला ज्यांच्याविषयी लिहिले तेच हजर नसतात.