‘नकली चीज’ असं लिहावं का?

प्रश्न : तलासरीच्या एका शाळेत मी नववीला शिकवते. वर्गाने ‘हायवेवरचं खाणं’ या विषयावर भित्तिपत्रक करायला घेतलं आहे. मॅकडोनाल्ड्सबद्दल एका गटाने मजकूर आणला : ‘ही कंपनी नकली चीज विकते, बटाटे गाईच्या चरबीत तळते, सरकारने तिच्यावर बंदी घातली होती.’ दुसऱ्या गटातल्या मुलाचा भाऊ अशाच एका दुकानात कामाला आहे. तो म्हणतो, हे सगळं खोटं आहे, कंपनी निर्दोष सुटली. वर्गात दोन तट पडले आहेत. खरं काय आणि मुलांनी काय लिहावं?

उत्तर : बाई, मुलांचा मजकूर एका ओळीत बसला, पण त्यात आरोप तीन आहेत. तिन्हींचं गाव वेगळं आणि सालही वेगळं. ते एकत्र बांधले की एक खरा निघाल्यावर पहिला गट तिन्ही खरे धरतो आणि एक खोटा निघाल्यावर दुसरा गट तिन्ही झटकून टाकतो. तुमच्या वर्गात नेमकं हेच झालं आहे. तेव्हा एकेक आरोप सुटा करून पाहू.

चीजची गोष्ट आपल्याच राज्यातली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) केडगाव भागातली मॅकडोनाल्ड्सची शाखा तपासली. काही पदार्थांत चीजऐवजी चीजसारखा पर्याय वापरला जातो आणि गिऱ्हाइकाला ते फलकावर किंवा लेबलवर कळत नाही, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. त्या शाखेचा परवाना निलंबित झाला. पुढे कंपनीने काही पदार्थांची नावं बदलून प्रशासनाला कळवली. ‘कॉर्न अँड चीज बर्गर’ होता त्याचा ‘अमेरिकन व्हेज बर्गर’ झाला, ‘ब्लूबेरी चीजकेक’मधलं चीज जाऊन नुसता ‘ब्लूबेरी केक’ राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये ही बातमी देशभर गाजली.

आता हा पर्याय म्हणजे काय? चीजमधली स्निग्धता दुधाची असते. ती पूर्ण किंवा काही प्रमाणात काढून तिथे वनस्पती तेल घातलं की तसाच वितळणारा, तसाच ताणला जाणारा पदार्थ होतो आणि तो स्वस्त पडतो. हे विष नाही. असा पदार्थ बनवायला आणि विकायला कायद्याने मुभा आहे, फक्त त्याला चीज म्हणून विकता येत नाही. तुमच्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर बाजारातून पिझ्झावर घालायच्या किसाची दोन-तीन पाकिटं आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लावा. एका पाकिटावर दूध, मीठ आणि चीज विरजायचे घटक दिसतील, दुसऱ्यावर ‘खाद्य वनस्पती तेल’ दिसेल. समोरून दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात.

इथे एक गैरसमज काढायला हवा. अन्नाची कुठलीही तक्रार आली की आपण सरसकट ‘भेसळ’ म्हणून मोकळे होतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे आणि तो तीन गोष्टी वेगळ्या धरतो. पदार्थ ठरलेल्या दर्जात बसत नसेल तर तो कमी दर्जाचा, त्याला पाच लाखांपर्यंत दंड. पदार्थाबद्दल चुकीचं सांगितलं असेल, दिशाभूल होईल असं नाव दिलं असेल, तर त्याला तीन लाखांपर्यंत दंड. आणि पदार्थ खाणाऱ्याला अपाय करणारा असेल तर तो असुरक्षित, तिथे तुरुंगवास आहे, जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. केडगावचा आरोप नाव आणि माहितीबद्दलचा होता. ते खाऊन कुणी आजारी पडलं, असा तो आरोपच नव्हता. ‘नकली चीज’ हे दोन शब्द वाचणाऱ्याच्या मनात मात्र थेट तिसरी पायरी उभी राहते.

डहाणू-तलासरीच्या मुलांना हे चिकूवरून चटकन कळेल. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीमेपलीकडच्या वलसाड-नवसारीचा चिकूही गोड असतो, खाऊन पोट दुखत नाही. तरी तो कुणी घोलवडचा म्हणून विकला तर गिऱ्हाईक फसतं आणि घोलवडच्या बागायतदाराचं नुकसान होतं. चिकू चांगला आहे म्हणून ती फसवणूक माफ होत नाही आणि फसवणूक झाली म्हणून चिकू विषारीही ठरत नाही.

कंपनीचं म्हणणंही मुलांनी लिहायला हवं. महाराष्ट्र, गुजरात धरून पश्चिम आणि दक्षिण भारतातली ही दुकानं वेस्टलाइफ फूडवर्ल्ड ही मुंबईची कंपनी चालवते. आपण अस्सल चीजच वापरतो, असं तिने पहिल्यापासून सांगितलं. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस तिने जाहीर केलं की, केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही आपल्या पदार्थांत शंभर टक्के अस्सल चीज असल्याला दुजोरा दिला आहे. हे ‘कंपनीने जाहीर केलं’ असंच लिहावं. राज्याच्या प्रशासनाचं म्हणणं राज्याच्या नावाने आणि कंपनीचं कंपनीच्या नावाने. एवढं पाळलं की दोन्ही गटांचं निम्मं भांडण मिटतं.

दुसरा आरोप गाईच्या चरबीचा. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे 1990 मध्ये कंपनीने बटाटे जनावराच्या चरबीऐवजी वनस्पती तेलात तळायला सुरुवात केली आणि तशी जाहिरातही केली. पण बटाट्यांना चव यावी म्हणून त्यात गोमांसाचा अर्क असायचा, हे गिऱ्हाइकांना नीट सांगितलेलं नव्हतं. शाकाहारी लोकांनी, त्यात बरेच हिंदू होते, भरवशावर ते खाल्ले. मे 2001 मध्ये सिएटलच्या न्यायालयात दावा दाखल झाला. पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागितली आणि एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे अमेरिकेपुरता आरोप खरा होता, आणि साधा नव्हता. कुणाच्या श्रद्धेशी आणि ताटाशी निगडित गोष्ट लपवली गेली होती.

ती बातमी इकडे पोहोचली आणि ठाण्यातल्या शाखेची मोडतोड झाली, कंपनीच्या विदूषकाच्या पुतळ्याला शेण फासलं गेलं. तेव्हा डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे ही घटना तुमच्या तेव्हाच्या जिल्ह्याच्या ठिकाणची. आणि ज्यासाठी तोडफोड झाली तो अर्क भारतातल्या बटाट्यांत नव्हताच. 1996 मध्ये दिल्ली-मुंबईत पहिली दुकानं उघडली तीच गोमांसाचा एकही पदार्थ न ठेवता. काचा फुटल्या त्या दुकानातल्या पोरांचा त्यात काय दोष होता? खऱ्या आरोपाला गाव आणि साल लावलं नाही, तर तो भलत्याच दारात जाऊन आदळतो. तुमच्या मुलांच्या वाक्यात ‘तळते’ असं वर्तमानकाळी क्रियापद आहे. तेवढ्या एका क्रियापदाने ते वाक्य खोटं झालं.

तिसरा आरोप बंदीचा. केडगावात एका शाखेचा परवाना निलंबित झाला. परवाना शाखेगणिक वेगळा असतो, त्याचा चौदा आकडी क्रमांक दुकानात लावावा लागतो आणि कारवाई त्या क्रमांकावर होते. निलंबन म्हणजे काही काळाची थांबवणूक. त्याला कंपनीवरची बंदी म्हणता येणार नाही. राज्याची हद्दही ध्यानात घ्यावी. अच्छाडचा नाका ओलांडून भिलाडला गेलात तर मॅकडोनाल्ड्स चालवणारी कंपनी तीच, पण अन्नाची तपासणी गुजरातच्या खात्याची. उत्तरेकडे तर चालवणारी कंपनीही दुसरी. तिथल्या भागीदाराशी मूळ कंपनीचा वाद होऊन 2017 मध्ये 169 दुकानांचा करार मोडल्याची नोटीस गेली होती. त्या भांडणाच्या बातम्या वाचूनही ‘बंद पाडलं’ असा समज पसरला. तो पैशांचा आणि मालकीचा वाद होता, अन्नाशी त्याचा संबंध नव्हता.

आता त्या मुलाचं म्हणणं. ‘निर्दोष सुटली’ हेही बरोबर नाही, कारण निर्दोष ठरवायला खटला चालून निकाल लागावा लागतो. इथे प्रशासनाने कारवाई केली, कंपनीने ती अमान्य करत नावं बदलली. यापुढचं काही आपल्या मनाने जोडू नये. पहिली तपासणी म्हणजे शेवटचा शब्द नसतो, हे कायद्यानेच मानलं आहे. अन्नाचा नमुना घेतला की त्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन अधिकाऱ्याकडे सीलबंद राहतात आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. अहवाल पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं, मग राखून ठेवलेला भाग दुसऱ्या, वरच्या प्रयोगशाळेत तपासतात. मॅगीच्या प्रकरणात हेच महत्त्वाचं ठरलं. जून 2015 मध्ये बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली आणि तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितलं. जूनची कात्रणं तेवढी जपून ठेवणारा माणूस आजही अर्धीच गोष्ट सांगतो.

याच कंपनीवरचा लंडनचा खटला मुलांना जरूर सांगा, मला तो फार मोलाचा वाटतो. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस या दोन कार्यकर्त्यांनी कंपनीविरुद्धचं पत्रक वाटलं, म्हणून कंपनीने 1990 मध्ये त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. निकाल आला 1997 मध्ये. न्यायाधीशांनी पत्रकातला एकेक आरोप वेगळा काढून तपासला. जाहिरातींतून लहान मुलांना वेठीला धरणं, काही जनावरांशी होणारी क्रूर वागणूक, कमी पगार हे मुद्दे त्यांनी ग्राह्य धरले. जगातल्या उपासमारीला आणि वर्षावनं तोडायला ही कंपनी जबाबदार आहे, हे मुद्दे सिद्ध झाले नाहीत. एकाच कागदावर खरं आणि खोटं शेजारी शेजारी होतं. 2005 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने असंही म्हटलं की, वकिलाचा खर्च न परवडणाऱ्या त्या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती. म्हणजे मोठ्या कंपनीलाही न्याय हवा आणि तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या दोन सामान्य माणसांनाही.

काही शिक्षक यावर सोपा मार्ग काढतात : दोन ओळी विरुद्ध, दोन ओळी बाजूने, झालं. मला तो पटत नाही. ठाण्यात मोडतोड झाली ती चुकीची, हे मोजूनमापून अर्धं-अर्धं लिहायची गोष्ट नाही. अमेरिकेत अर्क लपवला हेही नाही. जिथे पुरावा पक्का तिथे ठामपणे लिहावं, जिथे दोन दावे समोरासमोर आहेत तिथे ते दावे म्हणूनच लिहावेत. ज्याचा भाऊ तिथे नोकरी करतो त्या मुलाला गप्प बसवू नका. त्याला भावाकडून विचारून येऊ द्या की चीजच्या पाकिटावर काय छापलेलं असतं. आणि हीच फूटपट्टी चारोटी नाक्यावरच्या ढाब्यालाही लावा. तिथल्या पनीरच्या भाजीत दुधाचं पनीर आहे की तेलाचं, हा प्रश्न केडगावच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. ढाबेवाला आपला म्हणून सूट आणि कंपनी परदेशी नावाची म्हणून चोप, यात मुलं चुकीचा धडा शिकतील.

‘हे खाणं तब्येतीला वाईट’ असं कुणी लिहिलं तर ते मत आहे, मत म्हणून लिहू द्या, पण त्याला आकडा जोडा. दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळीला मेन्यूवर उष्मांक छापावे लागतात. तो आकडा पाहून मुलं तुलना करू शकतील. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. त्यात कुठल्याच कंपनीचं नाव नाही, तो सगळ्यांना सारखा लागू आहे.

मग मजकूर साधारण असा होईल : ‘2023 मध्ये अहमदनगरच्या एका शाखेत काही पदार्थांत चीजऐवजी पर्याय वापरून तो सांगितला जात नाही, असं अन्न व औषध प्रशासनाने म्हटलं आणि त्या शाखेचा परवाना निलंबित केला. कंपनीने हे नाकारलं, पदार्थांची नावं बदलली. अमेरिकेत 2002 मध्ये कंपनीने बटाट्यांतल्या गोमांसाच्या अर्काबद्दल माफी मागितली. भारतात तो वापरला जात नव्हता.’ वाक्यं पहिल्यापेक्षा लांब झाली, पण यातल्या एकाही शब्दावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. कायद्याची भीती बाळगायचंही कारण नाही. कंपनीचीही बदनामी होऊ शकते हे खरं, पण खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती बदनामी ठरत नाही, हा अपवाद जुन्या दंडसंहितेत होता आणि नव्या न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही आहे.

मुलांना पुढे जायचं असेल तर एक काम सुचवतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साधं गिऱ्हाईकही विकत घेतलेला पदार्थ फी भरून विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं. अट एवढीच की, मी हे तपासायला देणार आहे, असं दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. पदार्थ नियमात बसत नाही असं निघालं तर भरलेली फी परत मिळते. कंपनीचा बर्गर आणि ढाब्यावरचं पनीर, दोन्ही एकाच दिवशी देऊन पाहा.