संशोधनासाठी ठेव : एका दानाचा मराठवाड्यापर्यंतचा प्रवास

मंदिराचा जीर्णोद्धार, पाणपोई, शाळेची खोली यांसाठी देणगी देण्याची परंपरा मराठवाड्यात गावोगावी आढळते. अशा दानाचे फळ दात्याला डोळ्यांसमोर दिसते. वैद्यकीय संशोधनासाठी दिलेल्या दानाचे फळ मात्र बहुधा दात्याच्या पश्चात आणि त्याने कधी न पाहिलेल्या गावात मिळते.

मूळ धन व उत्पन्न

लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली विश्वस्त निधी स्थापन केला. त्याच वर्षी त्यांनी आपली संपत्ती दुसऱ्या, स्वतःच्या नावाच्या निधीकडे सोपविली आणि जून महिन्यात ते निवर्तले. स्मारक निधीच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगभरातील रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनास आणि एक-पंचमांश भाग भारतातील रोगनिवारणविषयक संशोधनास, असा दंडक ठरला. मूळ धन राखून केवळ उत्पन्न खर्च करावयाचे, हेच अशा ठेवीच्या दीर्घायुष्याचे कारण होय.

दोराबजींच्या नावाच्या निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. १९६२ साली ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६६ साली रुग्णालय व कर्करोग संशोधन संस्था एकत्र झाल्या. आज हे केंद्र होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचा घटक आहे.

गावकऱ्यांचा सहभाग

१९९९ पासून या केंद्राने बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयासह व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसह तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाहणी केली. तीत ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया सहभागी झाल्या. रोगास कारणीभूत असलेल्या विषाणूची एकच तपासणी आणि त्यानुसार उपचार केल्यास या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पाहणीचा खर्च गेट्स प्रतिष्ठानाने उचलला. पण ती पार पाडणाऱ्या केंद्राचा पाया जुन्या दानाने घातला होता. धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांनी दिलेले हे ज्ञान नायगावच्या स्त्रीलाही तितकेच उपयोगी आहे.

पंचायत सदस्यांसाठी बोध

संपत्तीचा काही भाग संशोधनास ठेवू इच्छिणाऱ्या ग्रामस्थास तीन गोष्टी सांगाव्यात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दानाचा हेतू स्पष्ट, परंतु काळानुरूप बदलास वाव राहील असा लिहावा. स्वतंत्र न्यास काढावयाचा असल्यास त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी.

ज्याच्याजवळ द्यावयास धन नाही, त्यानेही निराश होऊ नये. आरोग्य तपासणीच्या दिवशी गावातील एकही पात्र स्त्री मागे राहणार नाही, एवढे पाहणे ही त्याच कार्याची पुढली पायरी होय.