कपाटाचे दार

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतात : एक घाटावरचा व दुसरा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार ही गावे घाटावर. मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद ही घाटाखाली. पूर्णेच्या खोऱ्यातील या खालच्या गावांत वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे सहज जातो, आणि दोन महिने लोटतात न लोटतात तोच भिंतींना ओल सुटते. हवेतील हा पालट माणसांप्रमाणे लाकडालाही सोसावा लागतो. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. श्रावणात जे दार खांदा लावल्याशिवाय मिटत नाही, तेच चैत्रात वाऱ्याने खडखडत असते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. लाकूड फुगते ते रुंदीत. लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही. झाड उभे वाढते, त्याचे तंतूही उभे असतात. ओलावा शोषून हे तंतू जाड होतात, पण लांब होत नाहीत. म्हणून रुंद फळीचे सबंध दार केले, तर त्याला जागच्या जागी हलू दिले पाहिजे. ते चहूबाजूंनी जखडले की उन्हाळ्यात मोठा आवाज होऊन फळी उभी तडकते.

जुन्या सुतारांनी यावर तोड काढली. चार अरुंद पट्ट्यांची भक्कम चौकट करावयाची. उभ्या पट्ट्यांना छिद्रे पाडून त्यांत आडव्या पट्ट्यांची कुसे ठोकून बसवावयाची. चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडून तीत मधली पातळ फळी सरकवावयाची. या फळीला सरस लावावयाचा नाही, की चूक मारावयाची नाही. ती खाचेत मोकळी असते. पावसाळ्यात ती फुगून खाचेत शिरते, उन्हाळ्यात आकसून थोडी बाहेर येते. चौकट मात्र आहे तशीच राहते. अशी दारे जुन्या वाड्यांतील फडताळांना अजूनही दिसतात. आपण त्यांना नक्षीदार म्हणतो. परंतु ती नक्षी आधी गरज म्हणून जन्मास आली.

दाराभोवती एकाआड एक उंच-सखल रेघा ओढण्याची हौस याहून पुष्कळ जुनी आहे. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या जुन्या देवालयांत दाराच्या चौकटीवर कोरीव पट्टे एकाशेजारी एक उभे असतात. त्यांना शाखा म्हणतात. दगड एकाच रंगाचा असतो, तरी पट्टे वेगवेगळे दिसतात, कारण प्रत्येक पट्टा शेजारच्यावर थोडी सावली टाकतो.

हीच सावली घरच्या साध्या कपाटावरही पाडता येते. समजा, स्वयंपाकघरातील कपाटाला प्लायवूडची दोन सपाट दारे आहेत. प्रत्येक दार ४५ सेंटिमीटर रुंद व ७५ सेंटिमीटर उंच आहे. वर व दोन्ही बाजूंना ६ सेंटिमीटर जागा सोडावी, खाली मात्र ८ सोडावी. सगळीकडे सारखी सोडली, तर चौकट खाली घसरल्यासारखी दिसते. मग चौकट ३३ बाय ६१ सेंटिमीटरची होईल. तिची परिमिती १८८ आणि दोन दारांची मिळून ३७६ सेंटिमीटर. करवतीत जाणारे लाकूड व उरणारे तुकडे धरून साडेचार मीटर पट्टी आणावी. सागाची मिळाल्यास उत्तम.

खरे कसब कोपऱ्यात आहे. प्रत्येक पट्टीचे टोक ४५ अंशांत तिरपे कापावे, म्हणजे दोन टोके मिळून काटकोन होतो. एका चौकटीत असे आठ छेद येतात. प्रत्येक छेदात एकाच अंशाची चूक झाली, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती आठ अंशांची होते आणि तेथे आ वासलेली फट राहते. एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण आठ वेळा तो सोसवत नाही! चौकट जुळली की तिचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे, म्हणजे सुमारे ६९.४ सेंटिमीटर भरले, तर कोपरे काटकोनी आहेत असे समजावे. करवत व पटाशी मोठ्या माणसाच्या हाती द्यावी. मोजणे व आखणे तुमच्याकडे घ्यावे. अर्धे काम त्यातच आहे.

पट्ट्या लावण्यापूर्वी दार बिजागऱ्यांतून काढून सपाट ठेवावे आणि जुना रंग काचकागदाने खरवडावा. मात्र जुन्या रंगांत पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा घातली गेली, ती २०१६ सालच्या नियमांनी. शिशाची धूळ लहान मुलांना फार अपायकारक असते. म्हणून रंग ओला करून घासावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी, आणि हे काम चालू असता मुलांनी तेथे थांबू नये.

आता शेवटची व सर्वांत नाजूक गोष्ट. प्लायवूडचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटविलेले असतात. एक थर फुगू लागला की शेजारचा त्याला आवरतो. म्हणून त्यावर पट्ट्या खुशाल सरसाने चिकटवाव्या. परंतु दार आजोबांच्या वेळच्या अखंड फळ्यांचे असेल, तर आडवी पट्टी टोकापासून टोकापर्यंत चिकटविणे म्हणजे त्या दाराचा घात करणे होय. पट्टी हलणार नाही, फळी मात्र आकसू पाहील, आणि पन्नास वर्षे टिकलेले दार एका उन्हाळ्यात तडकेल. अशा दारावर आडव्या पट्टीला सरस केवळ मध्यभागी लावावा, टोके मोकळी ठेवावी. उभ्या पट्ट्या तंतूंच्याच दिशेने जात असल्याने त्यांना हा धोका नाही. आडवी पट्टी अशी बसविल्यावर वैशाखात कोपऱ्यांचे सांधे केसभर सरकलेले दिसतील. ते लांबीने भरू नयेत. पाऊस लागला की ते आपोआप पूर्ववत जुळतात.