पोलिसांसारखी दिसणारी गाडी : उसना रुबाब की गुन्हा?



रस्त्याने जाताना तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. मोटारसायकलवर मोठ्या अक्षरांत ‘पोलीस’ लिहिलेलं असतं, पण चालवणारा पोलीस नसतो. त्याचा मामा नाहीतर मेव्हणा पोलिसात असतो! कधी एखाद्या सिक्युरिटी एजन्सीची जीप दिसते. तिच्यावर लाल-निळा पट्टा आणि टपावर लुकलुकणारा दिवा. लांबून वाटतं, पोलीस आले. जवळ आल्यावर कळतं, हे तर सोसायटीचे सुरक्षारक्षक. आपण ही गोष्ट हसण्यावारी नेतो. ती तशी नेण्यासारखी आहे का, ते या पाठात पाहू.

पोलिसांची गाडी वेगळी का असते?

समजा, रात्री तुम्ही बाबांबरोबर गाडीतून घरी येताय. रस्त्यात अनोळखी माणसाने हात केला, तर बाबा थांबतीलच असं नाही. पण मागून लाल-निळा दिवा लावलेली पोलिसांची गाडी आली तर? बाबा काही न विचारता गाडी बाजूला घेतात, काच खाली करतात. म्हणजे काय, तर ती खूण पाहिली की आपण आपली सावधगिरी बाजूला ठेवतो. पोलिसांचं निम्मं काम या विश्वासावर चालतं. म्हणूनच ही खूण कोणा एकाची नाही, सगळ्या समाजाची आहे. ती हौसेसाठी उसनी घेता येत नाही.

विश्वासाचा गैरफायदा : दोन घटना

१) दिल्ली, १३ डिसेंबर २००१ : एक पांढरी अँबेसेडर संसद भवनाच्या आवारात शिरली. तिच्यावर लाल दिवा होता आणि गृहमंत्रालयाचा बनावट स्टिकर होता. दिल्लीत तेव्हा अशा सरकारी गाड्या रोजच्याच होत्या. पण या गाडीत पाच सशस्त्र दहशतवादी होते. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी यांना संशय आला आणि त्यांनी इतरांना सावध केलं. त्यात त्यांचा जीव गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. या हल्ल्यात सुरक्षा कर्मचारी आणि एक माळी असे नऊ जण मृत्युमुखी पडले.

२) नोव्हा स्कोशिया, कॅनडा, १८ आणि १९ एप्रिल २०२० : ही घटना तर हुबेहूब पोलीस गाडीचीच आहे. कवळ्या बनवण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाने पोलिसांच्या वापरातून बाद झालेली गाडी सरकारी लिलावात घेतली. तिच्यावर पोलिसांचे स्टिकर चिकटवले, टपावर दिवे बसवले. मग ती गाडी घेऊन सुमारे १३ तासांत त्याने २२ जणांचे प्राण घेतले. समोरून पोलिसांची गाडी येतेय म्हटल्यावर घाबरणार कोण? खुद्द एका पोलिसालाही ती गाडी आपल्या सहकाऱ्याची वाटली, आणि तो गोळी लागून जखमी झाला. लोकांना या नकली गाडीची माहिती पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर दिली. तोवर फार उशीर झाला होता. पुढे २०२१ मध्ये तिथल्या पोलिसांनी जुन्या गाड्या विकणं थांबवलं आणि प्रांताने पोलिसांचे गणवेश व चिन्हं कोणाकडे असावीत यावर कायदा केला.

वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. त्या गोष्टीत शेवटी गाढवच फसतं. इथे मात्र फसतो तो बघणारा.

आपला कायदा काय सांगतो?

• दिवा : २०१७ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियम बदलला आणि १ मेपासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे गेले. लाल-निळा-पांढरा दिवा आता पोलीस, अग्निशमन, लष्कर व निमलष्करी दलं, आपत्ती निवारण अशा कामांच्या गाड्यांसाठीच आहे.

• तोतयेगिरी : पोलीस असल्याची बतावणी करून काही केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होतो. लोकांना खरं वाटावं म्हणून पोलिसांचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा कलम २०५ नुसार गुन्हा आहे.

• सुरक्षारक्षक : खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम २१ नुसार रक्षकाने पोलीस किंवा लष्करासारखा गणवेश घातला, तर तो आणि एजन्सीचा मालक दोघेही शिक्षेला पात्र ठरतात. पण लक्षात घ्या, हे कलम कपड्यांबद्दल बोलतं, गाडीच्या रंगाबद्दल नाही. इथेच पळवाट सापडते.

काही जण म्हणतात, “स्टिकर लावला की चोर घाबरतो, यात वाईट काय?” सुरक्षारक्षकाचं काम कष्टाचं आहे, त्याची गाडी ठळक दिसायलाच हवी. पण ती स्वतःच्या रंगात आणि स्वतःच्या नावाने दिसावी. ‘सुरक्षा’ हा शब्द पुरेसा आहे. पोलिसांचा धाक उसना घेतला, तर त्याची किंमत तो घेणारा मोजत नाही. ती मोजते रात्री एकटी घरी निघालेली बाई. मागे दिवा लुकलुकला की थांबावं की पळावं, हेच तिला कळत नाही.

अशा वेळी काय करावं?

१. पळू नका. वेग कमी करा, इंडिकेटर द्या आणि पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, वर्दळीच्या जागी थांबा.
२. काच थोडीशीच खाली करा. नाव, पोलीस ठाणं विचारा, ओळखपत्र पाहायला मागा. हा उद्धटपणा नाही. खरा पोलीस ते दाखवतो.
३. शंका वाटली तर ११२ वर फोन करा आणि गाडीचा नंबर सांगा.

आणि घरच्या गाडीवर असा स्टिकर असेल, तर तो आजच काढायला सांगा. सुरुवात आपल्यापासून करू या.

विचार करा, उत्तरे लिहा

१. पोलिसांची खूण ‘सगळ्या समाजाची’ आहे असं का म्हटलं आहे?
२. जुन्या पोलीस गाड्या विकताना कोणती काळजी घ्यायला हवी?
३. तुमच्या भागातल्या सुरक्षारक्षकांच्या गाडीचं निरीक्षण करा. ती पोलिसांपेक्षा वेगळी कशी ओळखता येते, ते पाच वाक्यांत लिहा.