पंधरावा तास भरू देऊ नका

प्रश्न: म्युनिकमधली नोकरी गेली. बेकारभत्ता अजून मंजूर नाही. तोवर कॅफेत काम आणि डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स केला तर?

उत्तर: काम करा, पण आठवड्याला 15 तासांच्या आत. पंधरावा तास भरला की कायद्याच्या लेखी तुम्ही बेरोजगार उरत नाही आणि भत्ता बंद! महिन्याच्या निव्वळ कमाईतले 165 युरो तुमचे, त्यावरचे भत्त्यातून वजा. कामाला लागण्याआधीच रोजगार कचेरीला कळवा. ‘नंतर सांगू’ म्हणणारे हमखास अडकतात. दिवसभराचा कोर्स स्वतःहून लावलात, तर नोकरीसाठी मोकळे कसे, हा प्रश्न येतोच. रोजगार कचेरीचं शिक्षण-व्हाउचर आधी मिळालं, तर भत्ता चालू राहतो, शिवाय कोर्सच्या दोन दिवसांमागे भत्त्याच्या हक्काचा एकच दिवस खर्ची पडतो. मंजुरीला उशीर झाला तरी थकलेले पैसे मागाहून मिळतात. फक्त बेरोजगार म्हणून नोंदणी पहिल्याच दिवशी केलेली हवी.